पंचवीस नंबरचे दार

जून २०२३च्या पहिल्या आठवड्यात बाराकुडा या अमेरिकी कंपनीने ग्राहकांना एक विलक्षण सूचना दिली. कंपनीचे ‘ईमेल सिक्युरिटी गेटवे’ नावाचे उपकरण अनेक देशांतल्या कार्यालयांत इंटरनेट आणि आतला मेल सर्व्हर यांच्या मध्ये बसवलेले असते. बाहेरून येणारा मेल तपासायचा, स्पॅम आणि व्हायरस गाळायचे आणि उरलेला मेल आत सोडायचा, एवढ्यासाठीच ते विकत घेतलेले. सूचना अशी होती की ज्या उपकरणांत घुसखोरी झाली आहे ती दुरुस्त करत बसू नका. पॅच लावलेला असला तरी ती काढा आणि बदलून घ्या. त्रुटी सापडली मे महिन्यात, पण तिचा गैरवापर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून चालू होता. जोडून आलेल्या टार फाइलच्या आत कोणत्या फाइली आहेत हे उपकरण तपासत असे. त्या फाइलींची नावे विशिष्ट पद्धतीने रचली की ती नावेच आज्ञा म्हणून उपकरणात चालत. मेल कुणी उघडण्याचीही गरज नव्हती. तो येऊन तपासला गेला, की काम फत्ते.

राखणीसाठी बसवलेले यंत्रच फोडले गेल्याची ही पहिली वेळ नव्हती. फायरवॉलच्या मागे सुरक्षित मेल रिले, म्हणजे मेल घेऊन पुढच्या सर्व्हरकडे सोपवणारे यंत्र, कसा उभारावा, या प्रश्नाशी सिस्टम अ‍ॅडमिन मंडळी गेली तीसेक वर्षे झुंजत आहेत. त्यातून चांगली साधने तयार झाली, काही सवयी पक्क्या झाल्या आणि काही चुका पुन्हा पुन्हा होत राहिल्या. हा सगळा अनुभव एकत्र पाहिला की दोन कारणे सतत समोर येतात. एक तर रिलेने ज्याच्यावर विश्वास ठेवायला नको त्याच्यावर ठेवलेला असतो, किंवा त्याच्या गळ्यात नको तेवढे काम बांधलेले असते. फायरवॉल किती महागाचा होता, याने दोन्ही ठिकाणी फारसा फरक पडलेला दिसत नाही.

त्याचे कारण मेलच्या स्वभावातच आहे. कंपनीची हिशेबाची प्रणाली व्हीपीएनच्या आड ठेवता येते. ती कोण वापरणार हे आधीच ठाऊक असते. मेलचे तसे नाही. उद्या कोणत्या देशातून, कोणत्या सर्व्हरवरून कुणाचा मेल येईल हे आज सांगता येत नाही. एसएमटीपी या नियमावलीनुसार सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५वर बोलतात, आणि हे दार साऱ्या जगाला उघडे ठेवावेच लागते. म्हणजे फायरवॉलमधला नियम ‘कुणीही यावे, फक्त या एका यंत्राच्या या एका पोर्टवर यावे’ एवढाच उरतो. साधा फायरवॉल पत्ता आणि पोर्ट पाहतो. आलेला माणूस आपल्या कार्यालयासाठी मेल घेऊन आला आहे, की आपल्या खांद्यावरून तिसऱ्याच कुणाला स्पॅम पाठवतो आहे, हे त्याला कळत नाही. ते ठरवायचे असते रिलेने.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये एसएमटीपीचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा दुसऱ्याचा मेल पुढे नेणे हा सौजन्याचा भाग होता. नेटवर्क विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे. सगळे एकमेकांना ओळखून. अनेक यंत्रे सतत जोडलेली नसत, म्हणून मेल या यंत्रावरून त्या यंत्रावर असा मजल दरमजल करत जाई. मेल पाठवणारा वाटेतल्या यंत्रांची नावे पत्त्यातच लिहू शकत असे. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांचे सेंडमेल हे सॉफ्टवेअर या गोंधळाच्या जगासाठीच लिहिलेले होते. कसाही पत्ता आला तरी त्यातून वाट काढायची, हा त्याचा गुण. पुढे तोच त्याचा दोष ठरला.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा वर्म इंटरनेटवर पसरला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलमधून जात होती. चाचणीसाठी ठेवलेली ‘डीबग’ ही सोय अनेक ठिकाणी तशीच चालू राहिली होती. तिच्यामुळे मेल पाठवताना माणसाच्या पत्त्याऐवजी थेट आज्ञा देता येत होती. सेंडमेल हा मोठा, गुंतागुंतीचा प्रोग्रॅम यंत्रावरचे सर्वाधिकार घेऊन चालत असे. त्याला फसवले की सगळे यंत्र हाती.

दुसरा धडा स्पॅमवाल्यांनी शिकवला. नव्वदच्या दशकात त्यांच्या लक्षात आले की कुणाच्याही सर्व्हरला एकच मेल आणि त्याबरोबर शेकडो पत्त्यांची यादी द्यावी. प्रती काढून वाटण्याचा भार तो सर्व्हर आपल्या पैशाने उचलतो आणि शिव्याही तोच खातो. अशा सर्व्हरला ओपन रिले म्हणतात. १९९७च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि सहकाऱ्यांनी अशा उपद्रवी पत्त्यांची काळी यादी चालवायला घेतली. १९९८मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस सुरू केले. त्याच वर्षी सेंडमेलच्या ८.९ या आवृत्तीने परक्याचा मेल परक्याकडे नेणे मुळातच बंद केले; ज्याला ते हवे असेल त्याने मुद्दाम चालू करावे. इंटरनेटच्या इतिहासात एवढ्या छोट्या बदलाने एवढा मोठा फरक क्वचितच पडला असेल. तेव्हापासून नियम स्पष्ट आहे. कुणाकडूनही आलेला, पण आपल्या डोमेनसाठी असलेला मेल घ्यावा. आपल्या माणसांकडून आलेला मेल जगात कुठेही न्यावा. परक्याकडून परक्याकडे जाणारा मेल कधीही घेऊ नये.

सेंडमेल एवढा मोठा आणि धोकादायक, तर त्याला थेट इंटरनेटसमोर उभेच का करायचे? हा प्रश्न मार्कस रॅनम यांनी विचारला आणि त्याचे उत्तरही दिले. १९९३मध्ये ट्रस्टेड इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीने फायरवॉल उभारण्याचे एक मोफत साहित्य प्रसिद्ध केले, त्यात त्यांचा स्मॅप नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. तो पोर्ट २५वर बसे, बाहेरच्याशी अगदी मोजके बोले, मेल घेऊन एका बंदिस्त फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवी आणि बाजूला होई. मेल पत्त्यानुसार पोहोचवण्याची डोकेफोड करायला दुसरा प्रोग्रॅम तो मागून उचलून सेंडमेलच्या हाती देई. बाहेरच्या माणसाचा आणि सेंडमेलचा थेट संवाद कधी होतच नसे. स्मॅप इतका लहान होता की एखाद्या जाणकाराने तो एका बैठकीत ओळ न ओळ वाचून काढावा. आज स्मॅप कुणी वापरत नाही, पण चांगल्या रिलेची सगळी रचना या कल्पनेवर उभी आहे.

डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलने तीच कल्पना पूर्ण मेल सर्व्हरला लावली. घेणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पोहोचवणारा वेगळा. प्रत्येकाला वेगळा यूझर, आणि कुणाचाही दुसऱ्यावर आंधळा विश्वास नाही. सुरक्षेतील त्रुटी दाखवणाऱ्याला ५०० डॉलर देण्याची त्यांची १९९७ची घोषणा गाजली. डिसेंबर १९९८मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रातल्या वीत्से व्हेनेमा यांनी पोस्टफिक्स जगापुढे आणले. रचना तशीच विभागलेली, पण सेंडमेलची सवय असलेल्याला बुजायला होणार नाही अशी. आज लिनक्सवर रिले उभारायचा म्हटले की बहुतेकांचा हात आधी पोस्टफिक्सकडे जातो, आणि ते योग्यच आहे. केंब्रिजच्या फिलिप हेझल यांचे एक्झिमही तितकेच प्रसिद्ध, अतिशय लवचीक; मात्र त्याची घडण एकसंध आहे. जून २०१९मध्ये क्वालिस या कंपनीला त्यात असा दोष सापडला की पत्त्याच्या जागी आज्ञा लिहून ती चालवता येत होती. १९८८च्या सेंडमेलची आठवण व्हावी असाच प्रकार. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने जाहीर केले की रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातला सँडवर्म नावाने ओळखला जाणारा गट ऑगस्ट २०१९पासून ही त्रुटी वापरत होता. पॅच तोवर केव्हाच उपलब्ध होता. तो न लावलेले सर्व्हर बळी पडले.

प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. कार्यालयाचे आतले नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या मध्ये फायरवॉलवर एक तिसरा पट्टा काढतात. त्याला डीएमझेड म्हणण्याची पद्धत आहे. रिले त्या पट्ट्यात एकटा ठेवावा. बाहेरून त्याच्याकडे फक्त पोर्ट २५ उघडे. त्याच्याकडून आत फक्त एका यंत्राकडे, म्हणजे खऱ्या मेल सर्व्हरकडे, पुन्हा पोर्ट २५. बाहेर जायला पोर्ट २५ आणि डीएनएस. व्यवस्थापनासाठी एसएसएच फक्त आतल्या एका ठरावीक यंत्रावरून. लॉग आणि घड्याळ यांसाठी लागणाऱ्या वाटा सोडल्या तर एवढ्यावर नियम संपले पाहिजेत. यादी यापेक्षा लांबायला लागली, तर रिलेकडे दुसऱ्याचे काम आले आहे असे समजावे.

रिलेवर मेलबॉक्स नसावेत. पासवर्ड तर मुळीच नसावेत. कर्मचाऱ्यांना घरून मेल पाठवायचे असतील तर त्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे वेगळे पोर्ट आहेत आणि त्यांच्यामागे वेगळे यंत्र असणे उत्तम. पोर्ट २५वर लॉगिनची सोय ठेवली की जगभरचे पासवर्ड चाचपणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस तिथे धडका देतात, आणि ‘वेलकम१२३’ असा पासवर्ड ठेवणारा एखादा कर्मचारी सापडला की रिलेवरून अगदी अधिकृतपणे स्पॅम बाहेर पडतो. ओपन रिले नसूनही परिणाम तोच.

इथे एक अडचण येते, आणि या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. रिलेला काही कळू नये म्हटले, तरी एक गोष्ट कळावीच लागते: आपल्या डोमेनवर कोणते पत्ते खरोखर अस्तित्वात आहेत. ते ठाऊक नसेल तर रिले आपल्या डोमेनचा कोणताही मेल घेतो आणि आतला सर्व्हर नंतर सांगतो की असा माणूस इथे नाही. मग रिलेला ‘मेल पोहोचला नाही’ अशी पोच पाठवणाऱ्याकडे परत धाडावी लागते. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, त्यामुळे ती पोच भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडते. याला बॅकस्कॅटर म्हणतात. असा रिले आज ना उद्या काळ्या यादीत जातो, आणि जावाही. उपाय एकच: नको असलेला मेल दारातच, संवाद चालू असतानाच नाकारायचा, म्हणजे परत पाठवण्याची जबाबदारी आपल्यावर येतच नाही.

त्यासाठी पत्त्यांची यादी रिलेकडे हवी. सोपा मोह असा होतो की रिलेला आतल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला विचारू द्यावे. तसे केले की सगळ्या जगासमोर उभ्या असलेल्या यंत्राकडून कार्यालयाच्या काळजापर्यंत एक वाट तयार होते. उलटे करावे. आतल्या यंत्राने ठरावीक वेळाने यादी तयार करून रिलेवर ढकलावी; रिलेने आत काहीही विचारू नये. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज २००७मध्ये एज ट्रान्सपोर्ट ही सीमेवरच्या सर्व्हरची भूमिका आणली, तेव्हा हाच मार्ग धरला. आतला सर्व्हर बाहेरच्याला माहिती पाठवतो, उलट दिशेने कधी नाही. आणि पत्तेही उघडे न देता हॅश करून देतो, म्हणजे सीमेवरचा सर्व्हर चोरीला गेला तरी कर्मचाऱ्यांची यादी कुणाच्या हाती आयती पडत नाही. पोस्टफिक्सवर हेच काम एका साध्या मजकूर फाइलने आणि रात्री चालणाऱ्या चार ओळींच्या स्क्रिप्टने होते.

१९९८नंतर ओपन रिले संपले, असे कुणी म्हणेल. मुद्दाम उघडे ठेवलेले संपले, हे खरे. चुकून उघडे पडलेले आजही दिसतात, आणि त्यातली एक चूक तर खास फायरवॉलच्या मागेच घडते. ‘आपली माणसे’ कोण हे अनेक रिले आयपी पत्त्यावरून ठरवतात: आतल्या पट्ट्यातला पत्ता दिसला की आपला. आता फायरवॉलने बाहेरून येणारे कनेक्शन आत देताना पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून स्वतःचा आतला पत्ता लावला, तर रिलेला सारे जग फायरवॉलच्याच पत्त्यावरून आलेले दिसते. म्हणजे सगळेच आपले. नॅटची, म्हणजे अशी पत्ताबदल करण्याच्या सोयीची, एक खूण जास्तीची पडली आणि नीट बांधलेला रिले एका क्षणात ओपन रिले झाला. डॉकरच्या कंटेनरमध्ये मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनाही हा सापळा लागतो. ओळखायचा कसा? लॉगमध्ये बाहेरच्या प्रत्येक कनेक्शनचा खरा पत्ता दिसतो का ते पाहावे. सगळीकडे एकच खासगी पत्ता असेल, तर तिथेच थांबून आधी तो दोष काढावा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही अशा चुकांची दखल घेतली. २०१३च्या पोस्टफिक्स २.१०मध्ये मेल पुढे न्यायचा की नाही याचे नियम स्पॅमच्या नियमांपासून वेगळे काढले गेले. आधी ते एकाच यादीत असत आणि एखाद्या ग्राहकाचा मेल अडकू नये म्हणून घातलेली सवलत त्याला चुकून रिलेचा परवानाही देऊन जाई. ३.०पासून मूळ सेटिंगमध्ये शेजारच्या नेटवर्कवरचा विश्वासही काढून टाकला गेला. आता यंत्र मुळात फक्त स्वतःवर विश्वास ठेवते.

विश्वासाच्या या चुकीचे आजवरचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र २०२४चे आहे. प्रूफपॉइंट ही मेल सुरक्षेतली नामांकित कंपनी. तिचे अनेक ग्राहक मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरतात, म्हणून तिच्या रिलेवर ‘मायक्रोसॉफ्ट ३६५कडून आलेला मेल आमचा’ अशी सवलत सहज चालू करता येत होती. पण मायक्रोसॉफ्ट ३६५वर कोण नसते? हल्लेखोरांनी तिथे स्वतःची खाती उघडली, डिस्ने, नाइकी, आयबीएम, कोका-कोला यांच्या नावाने मेल तयार केले आणि त्या त्या कंपनीच्या प्रूफपॉइंट रिलेकडे पाठवले. रिलेने ते आपले समजून त्यांवर कंपनीची खरी डिजिटल सही ठोकली आणि जगात रवाना केले. गार्डिओ लॅब्स या संस्थेने हा प्रकार उघड केला. तिच्या हिशेबाप्रमाणे दिवसाला सरासरी ३० लाख असे मेल जात होते. घेणाऱ्याच्या बाजूने तपासणीत खोट काढायला जागाच नव्हती. एका मोठ्या सामायिक सेवेच्या साऱ्या पत्त्यांना आपले मानणे हे नव्वदच्या दशकातल्या ओपन रिलेचेच नवे रूप आहे. क्लाउडवर मेल असलेल्या प्रत्येक संस्थेने आपल्या रिलेची परवानगीची यादी याच नजरेने आज वाचावी.

आता उलट बाजू. फायरवॉल कधी कधी मेलचे रक्षण करण्याच्या उत्साहात त्याचे नुकसान करतो. सिस्कोच्या जुन्या पिक्स फायरवॉलमध्ये मेलवर नजर ठेवणारी एक सोय होती. सर्व्हर ज्या ओळीत स्वतःची ओळख देई ती ओळ ही सोय ताऱ्यांच्या चिन्हांनी झाकून टाकी आणि मोजक्या जुन्या आज्ञांखेरीज बाकीच्या मोडून टाकी. त्यात एन्क्रिप्शन सुरू करणारी स्टार्टटीएलएस ही आज्ञाही जाई. ती ऐकू न आल्याने दोन्हीकडचे सर्व्हर समजत की समोरच्याला एन्क्रिप्शन येत नाही, आणि मेल उघडाच पाठवत. सुरक्षेचे यंत्र असे वागते म्हणून पोस्टफिक्सला पिक्ससाठी खास तोडगे ठेवावे लागले; ते अजून त्यात आहेत. रिलेसमोरच्या फायरवॉलमधली असली ‘मेल तपासणी’ बंद करावी. नीट ठेवलेला पोस्टफिक्स ते काम कितीतरी चांगले करतो.

तसाच एक छळणारा दोष म्हणजे आयसीएमपी, म्हणजे पिंग ज्यावर चालते ती नियमावली, सरसकट बंद करणे. पिंग बंद केले की सुरक्षित, असे अजूनही पुष्कळांना वाटते. पण मोठे पॅकेट वाटेत मावत नसेल तर तसे सांगणारा निरोपही आयसीएमपीनेच येतो. तो अडला की दोन ओळींचे मेल व्यवस्थित जातात, आणि जोडपत्र असलेले अर्ध्यात लटकतात. मग दोन-दोन दिवस सगळे मेल सर्व्हरच तपासत बसतात. डीएनएससाठी फक्त यूडीपी उघडून टीसीपी बंद ठेवले तर मोठी उत्तरे येत नाहीत आणि काही ठरावीक डोमेनचेच मेल रखडतात. दोन्ही नियम दुरुस्त करायला पाच मिनिटे लागतात. शोधायला मात्र अनुभव लागतो.

स्टार्टटीएलएस गाळण्याचा प्रकार मुद्दामही होतो. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले की ट्युनिशियातून जीमेलला येणाऱ्या मेलपैकी ९६ टक्क्यांच्या बाबतीत वाटेत ही आज्ञा मोडली जात होती. मेल सर्व्हरांमधले एन्क्रिप्शन ‘जमले तर’ या तत्त्वावर चालते, आणि न जमल्याचा देखावा करणे वाटेत बसलेल्याला सोपे जाते. त्यावर डेन हा उपाय २०१५मध्ये आणि एमटीए-एसटीएस हा २०१८मध्ये प्रमाणित झाला. दोन्हींत आपले डोमेन आधीच जाहीर करते की आमच्याकडे एन्क्रिप्शनशिवाय मेल देऊ नका. डेनसाठी डीएनएसला सहीची जोड लागते, त्यामुळे छोट्या संस्थेला एमटीए-एसटीएस जास्त झेपते: एक डीएनएस नोंद आणि वेबवर ठेवलेली एक लहान फाइल.

बाहेर जाणाऱ्या मेलसाठी रिले हा एकमेव मार्ग ठेवावा. कार्यालयातल्या इतर सर्व यंत्रांना बाहेरचे पोर्ट २५ बंद. एखाद्या संगणकाला लागण झालीच, तर तो थेट स्पॅम पाठवू शकत नाही आणि फायरवॉलच्या लॉगमध्ये लगेच पकडला जातो. कमी खर्चात एवढे संरक्षण देणारा दुसरा नियम नाही. खरी कटकट असते ती प्रिंटर, स्कॅनर, सीसीटीव्ही आणि जुन्या हिशेबी सॉफ्टवेअरची. यांना लॉगिन करता येत नाही, एन्क्रिप्शन येत नाही, पण मेल पाठवायचा असतो. त्यांच्यासाठी अख्खे नेटवर्क विश्वासार्ह ठरवण्याऐवजी एकेका यंत्राचा पत्ता लिहून परवानगी द्यावी, आणि शक्यतो ती आपल्याच डोमेनपुरती. स्कॅनरला बाहेरच्या हजार लोकांना मेल धाडण्याचे काहीच कारण नसते.

रिले क्लाउडवर भाड्याच्या यंत्रात ठेवायचा विचार असेल तर आधी एक चौकशी करावी. गूगल क्लाउड बाहेर जाणारे पोर्ट २५ मुळात बंद ठेवते, अ‍ॅमेझॉन ते विनंतीशिवाय मोकळे करत नाही आणि अझूरवरही बहुतेक खात्यांना ते मिळत नाही. घरगुती ब्रॉडबँडचे बदलते पत्ते तर काळ्या यादीतच असतात. स्थिर आयपी, त्याची उलटी डीएनएस नोंद आणि रिले स्वतःचे जे नाव सांगतो ते, या तिन्हींचा मेळ असल्याशिवाय मोठे मेलवाले दारात उभे करत नाहीत.

त्यापुढे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क ही तीन नावे येतात. आमचा मेल कोणत्या पत्त्यांवरून निघतो हे एसपीएफ जाहीर करते. डीकिम प्रत्येक मेलवर सही करते. या दोन्हींत नापास झालेल्या मेलचे काय करायचे हे डीमार्क सांगते. सही करण्याची जागा रिले हीच योग्य, कारण मेल बदलू शकणारे त्याच्यापुढे कार्यालयाचे काही नसते. सहीनंतर कुणी तळाला ‘हा मेल गोपनीय आहे’ अशी ओळ चिकटवली की सही मोडते. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या, तेव्हा वर्षानुवर्षे पुढे ढकललेली ही कामे अनेकांनी आठवडाभरात उरकली.

महाराष्ट्राचा याच्याशी थेट संबंध येतो तो नागरी सहकारी बँकांतून. गावोगावच्या या बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९च्या परिपत्रकात श्रेणीनिहाय सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. पहिल्याच पातळीवर बँकेच्या स्वतःच्या नावाचे मेल डोमेन आणि त्यावर डीमार्क, फिशिंगविरोधी व्यवस्था हव्यात असे त्यात आहे. त्यापुढचे पाऊल एप्रिल २०२५चे: सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जावे. ग्राहकाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले. रिलेच्या दृष्टीने मात्र डोमेन बदलणे म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही नावांचे पत्ते, सह्या आणि धोरणे काही काळ एकत्र सांभाळणे. जुने नाव सोडून देऊन चालत नाही. त्यावरून आता मेल निघत नसला तरी त्या नावाने खोटे मेल कुणी पाठवू नयेत म्हणून त्याचे डीमार्क ‘नाकारा’ या धोरणावर कायम ठेवावे लागते, आणि डोमेनचे नूतनीकरणही चुकवता येत नाही.

यंत्रणा उभी राहिली की चाचणी बाहेरून करावी, आतून कधीच नाही. मोबाइलच्या इंटरनेटवरून पोर्ट २५ला जोडून परक्या पत्त्यावरून परक्या पत्त्याला मेल देऊन पाहावा. दारातच नकार मिळाला पाहिजे. मग पत्त्यात टक्क्याचे चिन्ह घालून जुन्या पद्धतीने दुसऱ्या डोमेनचे नाव लपवून पाहावे. पाठवणारा म्हणून आपलेच डोमेन सांगून पाहावे. केवळ ‘मी तुमचाच’ असे म्हटल्याने काही मिळता कामा नये. डिसेंबर २०२३नंतर आणखी एक चाचणी यादीत आली. सेक कन्सल्ट या कंपनीच्या संशोधकाने दाखवले की मेलचा शेवट कुठे मानायचा याबद्दल दोन सर्व्हरांचे मत वेगळे असेल, तर एका मेलच्या पोटात दुसरा मेल लपवून नेता येतो आणि तो आतला मेल भल्या सर्व्हरच्या नावाने बाहेर पडतो. पुढचा रिले आणि मागचा सर्व्हर वेगवेगळ्या घराण्यांचे असतात तिथे हा धोका जास्त. पोस्टफिक्सने त्यावर नेमका उपाय दिला आहे, पण जुन्या आवृत्तीत तो हाताने चालू करावा लागतो.

लॉगचा विषय भारतात आता ऐच्छिक राहिलेला नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, यंत्रांची घड्याळे ठरवून दिलेल्या सर्व्हरांशी जुळती ठेवावी लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लॉग रिलेवरच राहिले तर घुसखोर ते आधी पुसतो. म्हणून ते लगेच आतल्या दुसऱ्या यंत्राकडे जावेत, आणि रिलेला तिथे फक्त लिहिता यावे, वाचता किंवा पुसता येऊ नये. जोडपत्रे उघडून तपासणारे सॉफ्टवेअरही शक्य असेल तर वेगळ्या, बंदिस्त यंत्रावर चालवावे. बाराकुडाच्या उपकरणात मेल घेणे आणि टार फाइली उघडणे ही कामे एकाच पेटीत होती; ती वेगळी असती तर पेटीच बदलण्याची पाळी कदाचित आली नसती.

मराठी वाचकांसाठी एक बाब अजून पुरती सुटलेली नाही. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४मध्ये खुले झाले आणि मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांत डोमेनची नावे घेता येऊ लागली. @च्या आधीचा भागही देवनागरीत असलेले पत्ते चालावेत म्हणून एसएमटीपीमध्ये २०१२सालीच भर घातली गेली आहे, आणि पोस्टफिक्स ३.०पासून तिला साथ देतो. पण ही सोय वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला यावी लागते. सीमेवरचा रिले ती जाणतो, आतला जुना सर्व्हर जाणत नाही, किंवा मधले गाळणी-उपकरण अशा पत्त्याला घाबरते, असे झाले की मेल परत जातो आणि पाठवणाऱ्याला कारणही नीट कळत नाही. नवा रिले उभारताना चाचणीच्या यादीत एक देवनागरी पत्ता घालणे हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि निदान महाराष्ट्र-गोव्यातल्या बँका, विद्यापीठे आणि महापालिका यांनी ते उद्यापासून करायला हरकत नाही.